आंग्र्यांच्या झडपा जळाल्या!

शंकेखोर
विजयदुर्गाच्या १७५६ च्या लढाईवर एक माहितीफलक लागायचाय. मूळ मजकूर इंग्रजी, मराठी कुणीतरी आधीच केलंय, माझ्याकडे फक्त तपासायला आलंय. वॉटसन, क्लाइव्ह, तोफा, सगळं ठीक. मग हे वाक्य आलं: 'तुळाजी आंग्रे यांच्या झडपा जळून खाक झाल्या.' चष्मा पुसून परत वाचलं. झडपा जळतात कशा? मूळ उघडलं तर तिथे 'ग्रॅब्ज'. भल्या माणसाने कोश काढला, ग्रॅब म्हणजे झडप घालणे, लावली झडप.
ते जहाज आहे, गुराब, एवढं मला कळतं. अडलंय ते पुढे. एक, गुराबचं अनेकवचन गुराबा की गुराबी? दोन, जहाजाचं हे नाव आणि 'ग्रॅब' हे क्रियापद एकच का? उद्या संध्याकाळी मजकूर परत द्यायचाय.

डोलकाठी
दुसऱ्याचं उत्तर: एक नाही. जहाजाचं नाव अरबी. 'गुराब' म्हणजे डोमकावळा. ते मराठी-कोकणीत आलं आणि इंग्रजांच्या जिभेवर 'ग्रॅब' झालं. दोन नाहीतर तीन डोलकाठ्या, पुढे लांब निघालेलं टोकदार नाक. माझ्या मते त्या चोचीमुळेच कावळा. सोबत लहान गलबतं असायची, त्यांना वल्ही. वारा पडला की गलबतं दोर लावून गुराबेला ओढायची. इंग्रज व्यापारी मात्र 'ग्रॅब' म्हणताना 'आमची जहाजं बळकावणारे' असंच मनात आणत असणार!

कंदी पेढा
त्या लढाईत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे फलकावर आहे का?

डोलकाठी
तो विषय इथे नको, पेढेराव. मागे त्याच्यावर दोनशे प्रतिसाद झाले होते.

घनपाठी
क्रियापद तर आपल्याच घरचं आहे. लग्नात गुरुजी पाणिग्रहणाच्या वेळी म्हणतात, 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्'. ऋग्वेद, दहावं मंडल, ८५ वं सूक्त. गृभ्णामि आणि ग्रॅब! इंग्रजांनी सरळ उचललाय. ग्रिप, ग्रास, सगळे त्यातलेच.

तिरकी मात्रा
उचललेला नाही हो घनपाठीकाका, चुलतभाऊ आहे. इंग्रजीत 'ग्रॅब' दिसतो तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस, डच आणि उत्तर जर्मनीच्या बाजूने आलेला. तेव्हा ऋग्वेद कुणी इंग्रज वाचत नव्हता. बहुतेक कोशकार दोघांना एकाच जुन्या मुळावर नेतात, आणि आपल्या भ समोर त्यांचा ब येतो हेही रीतसर आहे: भ्रातृ, ब्रदर. पण ग्रिप वेगळ्या मुळाचा. आणि ग्रास 'ग्रस्' धातूचा, ग्रहण 'ग्रह्'चं. खग्रास ग्रहणात दोघे शेजारी बसतात म्हणून सख्खे होत नाहीत.
खरी गंमत पुढे आहे. वेदातल्या 'गृभ्'मधला भ झिजून ह झाला, गृह्णाति. प्राकृतात गेण्हइ. आणि मराठीत? घेणे! गिऱ्हाईक त्याच घरचं, फारसीवाटे आलेला गिरफ्तारही त्याच घरचा. म्हणजे ऑफिसातली पोरं 'चल, कॉफी ग्रॅब करू' म्हणतात आणि माझी आजी 'चहा घेणार ना?' विचारते, ते एकाच मुळाचं.

कंदी पेढा
मग पोरांना 'घेऊ' म्हणायला काय होतं? आमच्याकडे नवीन आलेली मुलगी मला म्हणाली, 'सर, लंच ग्रॅब करून येते.' मला डोळ्यापुढे घार दिसली.

आठबारा
तुम्हाला घारच दिसायला हवी, पेढेकाका. 'चहा घेऊ' म्हटलं की खुर्ची आली, बशी आली, तुमचा मुलगा काय करतो आलं. 'ग्रॅब करू' म्हणजे कागदी कप उचलायचा आणि चालत चालत प्यायचा. कृती वेगळी, म्हणून शब्द वेगळा. मराठीत एकच शब्द द्या पाहू. जमीन बळकावतात, अनुदान लाटतात, बक्षीस पटकावतात, मोबाइल हिसकावतात. कॉफी यातलं काय करायची?
त्या झडपवाल्या अनुवादकाची मला कीवच येते.

घनपाठी
पकडा म्हणावं कॉफी. तुम्ही मुंबईकर गाडीसुद्धा पकडता. शुद्ध मराठीत गाडी गाठतात आणि चोर धरतात. जनाबाईंनी 'धरिला पंढरीचा चोर' म्हटलं, 'पकडिला' नाही. पकडणे हे हिंदीचं अतिक्रमण आहे.

आठबारा
मोल्सवर्थच्या कोशात पकडणे आहे. १८५७ ची आवृत्ती उघडा. तेव्हा माझी आठ बाराची लोकल नव्हती.

तिरकी मात्रा
शिवाय दोन्हींत फरक आहे. ताप अंगात धरतो, झाड फळ धरतं, मुलगा हट्ट धरतो. इथे पकड घालून दाखवा. धरण्यात टिकून राहणं आहे, पकडण्यात झटका. गाडी 'धरली' म्हटलं तर मला ती बाई दाराच्या दांडीला लोंबकळताना दिसते.

आठबारा
ती बाई मीच.

माजघर
घनपाठीकाका, तुमच्या स्वयंपाकघरात गरम पातेलं कशाने उतरवतात?

घनपाठी
सांडशीने.

माजघर
आमच्या सासरी तिला पकड म्हणतात. माहेरी सांडशी. लग्नानंतर पहिल्याच सकाळी दूध उतू जात होतं आणि मी 'सांडशी, सांडशी' ओरडत होते. सासूबाईंना वाटलं काहीतरी सांडलं, त्या फडकं घेऊन धावत आल्या. चूल विझली, दूध गेलं, पकड माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला.

कंदी पेढा
आमच्याकडे तिला 'गावी' म्हणतात. आणि वायरमनची ती पक्कड, तिच्यात क ला क.

डोलकाठी
गावी म्हणजे तीच ना, टोकाशी वाकडी असते ती? आमच्या आत्याकडे वाकडीला सांडशी आणि सरळीला चिमटा म्हणायचे.

शंकेखोर
मंडळी, अनेकवचन.

तिरकी मात्रा
वीट, विटा. भिंत, भिंती. स्त्रीलिंगी अकारान्ताला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. डोलकाठी वर 'गुराबेला' म्हणून गेले, त्या हिशेबाने गुराबा.

घनपाठी
परकीय शब्द आहे, विकारच करू नये. 'गुराब जहाजे' लिहा.

डोलकाठी
मी 'गुराबेला' लिहिलं खरं, पण का ते मला विचारू नका, तोंडात तसंच आलं.

शंकेखोर
'गुराबा' लिहून मजकूर पाठवला. आत्ता तिकडून फोन आला होता. विचारत होते की झडपांच्या जागी हे आडनाव कुणाचं घातलंय.

माजघर
आणि टोकाशी वाकडी ती गावी नाही हो, गावी सरळ असते.