पीडीएफ उघडण्यासाठी जुना रीडर वापरणे कितपत सुरक्षित?

सीबीएस_टायपिंग:
नमस्कार. नाशिकला जिल्हा न्यायालयाजवळ माझे टायपिंग व झेरॉक्सचे दुकान आहे. पक्षकार पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ आणतात आणि मी त्या उघडून प्रिंट काढून देतो. पीडीएफ रीडर फार जुना आहे, पण सातबाऱ्यावरच्या डिजिटल सहीची हिरवी खूण त्यात उमटते, म्हणून तो कधी बदलला नाही. मंगळवारी एका ग्राहकाचे ‘वीजबिल’ उघडताच रीडर गोठला, आपोआप बंद झाला आणि लगेच त्याच नावाची कोरी पीडीएफ समोर आली. अँटिव्हायरस गप्प होता. नुसत्या पीडीएफमुळे संगणकाला धोका पोहोचू शकतो का?

सातपूरकर:
पोहोचू शकतो, आणि आपण सांगितलेले लक्षण मला गंभीर वाटते. पीडीएफमध्ये मजकुराबरोबर चित्रे, फॉन्ट, जोडलेल्या फायली आणि जावास्क्रिप्टही (फाइलमध्येच चालणारा छोटा प्रोग्रॅम) असू शकते. हे सारे उलगडणाऱ्या रीडरमध्ये चूक राहिली असेल, तर मुद्दाम तशी रचलेली फाइल त्या चुकीतून आपल्या आज्ञा संगणकाकडून चालवून घेते. २००९ मध्ये ॲडोबी रीडरमध्ये सापडलेली एक त्रुटी तर जेबिग२ पद्धतीची चित्रे उलगडण्याच्या भागात होती, त्यामुळे केवळ जावास्क्रिप्ट बंद करून ती पुरती टळत नव्हती. रीडर बंद पडल्यावर दुसरी निरुपद्रवी फाइल पुढे करणे ही अशा हल्ल्यांतली नेहमीची युक्ती आहे. अँटिव्हायरसच्या मौनावर विसंबू नका. आधी नेटची केबल काढा, बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, आणि आवश्यक कागदपत्रांची प्रत घेऊन विंडोज नव्याने टाका.

इंदिरानगर_संगणक:
‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये आवृत्ती पाहा. ॲडोबी रीडर ९ च्या दुरुस्त्या २०१३ मध्ये आणि रीडर इलेव्हनच्या २०१७ मध्ये थांबल्या. हिरवी खूण नव्या रीडरमध्येही उमटते. त्याच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये जावास्क्रिप्ट बंद करा (आकडेमोड करणारे काही फॉर्म मात्र त्यामुळे चालणार नाहीत) आणि ‘सिक्युरिटी एन्हान्स्ड’मध्ये प्रोटेक्टेड मोड चालू असल्याची खात्री करा. २०१० च्या रीडर एक्सपासून आलेली ही सोय फाइलला बंदिस्त कप्प्यात उघडते, त्यामुळे त्रुटी साधली तरी उर्वरित संगणकावर हात टाकणे अवघड जाते.

माझ्या मते आपण ही दोन कामे वेगळी करावीत. सही तपासायची ती फाइल स्वतः सातबारा देणाऱ्या सरकारी महाभूमी संकेतस्थळावरून उतरवून रीडरमध्ये उघडावी, आणि ग्राहकाची फाइल केवळ छापायची असेल तर सुमात्रा पीडीएफसारखा साधा वाचक वापरावा. तोही अद्ययावत ठेवावा लागतो, परंतु त्याचा पसारा कमी असल्याने हल्ल्याला वावही कमी मिळतो.

सीबीएस_टायपिंग:
मनापासून आभार. केबल काढली आहे. संगणक विंडोज ७ चा असून त्याला २०२० पासून नेहमीच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे तोही बदलत आहे. त्या ग्राहकालाही फोन केला. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा संदेश अनोळखी क्रमांकावरून आला होता आणि ती फाइल त्याला जोडलेली होती. त्यांनी ती घरच्या संगणकावरही उघडली होती, म्हणून सातपूरकरांचे उत्तर त्यांना वाचून दाखवले.