दहावीचं विज्ञान एकत्र शिकवायचं की भाग १, भाग २ वेगळेच बरे?

प्रयोगवही: आमच्याकडे विज्ञानाचं भाग १ चं पुस्तक सर शिकवतात, भाग २ चं मी. गेल्या आठवड्यात दहावीला भाग २ मधला 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा धडा घेत होते. कोळसा जळला, पाण्याची वाफ झाली, वाफेनं टर्बाइन फिरलं, टर्बाइननं वीज तयार करणारं जनित्र, सगळे बाण फळ्यावर काढून झाले आणि मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, मॅडम, हे जनित्र आणि सरांनी भाग १ मध्ये शिकवलेलं जनित्र एकच का? मी तिची वही बघितली. 'विद्युतधारेचे परिणाम' मधली आकृती अगदी सुबक, कॉइल, चुंबक, ब्रश, सगळी नावं बरोबर. पण ती कॉइल फिरवतं कोण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं आणि माझ्या आकृतीत जनित्र म्हणजे नुसता एक चौकोन! श्वसनाचं तेच, तिथे ग्लुकोज आणि क्रेब्ज चक्र (पेशीत त्यापासून ऊर्जा मिळण्याचा टप्पा) मी शिकवते, ऑक्सिडीकरण सर शिकवतात, दोन्ही एकच गोष्ट आहे हे पोरांना कळणार कधी? माझं म्हणणं एवढंच की असे धडे दोघांनी मिळून एकाच आठवड्यात घ्यावेत.

खडू_फळा: मॅडम, कळकळ पटली पण मार्ग नाही पटला. आमच्याकडे नववीला 'पाणी' विषयावर सगळे विषय एकत्र करून प्रकल्प केला होता. पोरांनी चार विहिरींचं पाणी आणलं, पीएच पट्टी (पाणी किती आम्लधर्मी ते रंगानं दाखवणारा कागद) बुडवली, रंग जुळवून तक्ते रंगवले, मस्त झालं. नंतर मी विचारलं की ६ पीएचचं पाणी ७ पेक्षा किती पट आम्लधर्मी? सगळे म्हणाले थोडंसं. दहा पट हे एकालाही सांगता आलं नाही. आधी रसायनशास्त्र रसायनशास्त्र म्हणून पक्कं होऊ दे, मग जोडा कशालाही.

प्रयोगवही: सर, पण त्या मुलांना पीएच पट्टी नसती मिळाली तर तो प्रश्न तरी तुम्ही विचारला असता का? विहिरीचं पाणी समोर होतं म्हणूनच तो प्रश्न आला ना.

दहावीची_आई: मी पालक म्हणून लिहितेय. दोन पेपर वेगळ्या दिवशी, ४०-४० मार्कांचे. मुलगा भाग १ च्या आदल्या दिवशी भाग १ च उघडणार. मॅडम आणि सरांनी धडे मागेपुढे केले आणि घटक चाचणीला भलताच धडा आला तर भरडली जातात मुलं. अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो परत वेगळं होणारच आहे की!

वाडीवरची_शाळा: ताई, आमच्या शाळेत विज्ञानाला मी एकटाच, दोन्ही भाग माझेच. यंदा जनित्र आणि वीजनिर्मिती सलग घेतली. सायकलचा जुना डायनॅमो आणला, चाक हातानं फिरवलं, दिवा लागला, वेगात फिरवलं तर जास्त उजेड. मग विचारलं, कोयनेला हे चाक कोण फिरवतं? पाणी. चंद्रपूरला? वाफ. तारापूरच्या अणुवीज केंद्रात? इथे वर्ग अडला, मग एक पोरगा म्हणाला तिथंही वाफच असेल, फक्त जाळ वेगळा. एकही धडा वगळला नाही, चाचणीही वेळेत झाली.

खडू_फळा: एकाच माणसाकडे दोन्ही भाग असतील तर हे जमतं, मान्य. आमच्याकडे भाग २ ला जीवशास्त्राच्या मॅडम आहेत, त्यांना फॅरेडेचा नियम (बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं वीज कशी निर्माण होते तो) मी समजावणार आणि मला पेशीविज्ञान त्या, याला तासिका कुठून आणायची ते सांगा.

प्रयोगवही: मी सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या सरांकडे भाग १ चं पुस्तक घेऊन गेले होते. वीस मिनिटांत जनित्र कळलं मला.