वणव्यात घर, गल्ली, शेजार गेलेल्यांनी लिहा (अनुभव)

खिडकीपाशी
परवा रात्री पुन्हा तो डोंगरावरून उतरणारा सॅन्टा अ‍ॅना वारा सुटला. जाळी थडथडायला लागली तसा नवरा उठला, खाली गेला आणि गाडी वळवून, तोंड रस्त्याकडे करून लावून आला. मी जागीच होते. दोघंही काही बोललो नाही.

आम्ही लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनाचे, लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेचे. 7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी ईटन कॅन्यनकडे आभाळ लाल झालं होतं, पण ते तिकडे. फोनवर घर सोडायचा हुकूम आला की निघू म्हणून बसून राहिलो. आमच्या बाजूला हुकूम आला पहाटे तीननंतर. त्याआधी समोरच्या आजोबांनी दार बडवलं म्हणून निघालो. ईटनच्या आगीत 19 माणसं गेली, जवळजवळ सगळी आमच्याच बाजूची.

आता भाड्याच्या घरात आहोत. घराचं वाईट वाटतंच, पण मला गल्ली जास्त आठवते. आजोबा मुलाकडे दुसऱ्या राज्यात गेले. कचऱ्याचा डबा बाहेर काढताना त्यांच्याशी जी चार वाक्यं व्हायची ती आता होत नाहीत. हे कुणाला सांगायला गेलं की लोक विम्याचं विचारतात. तुमचं असं काही असेल तर लिहा, लहानमोठं कसंही.

पाणवठा
विम्याचंच विचारते, सॉरी :) यादी झाली का?

खिडकीपाशी
हसले. नाही गं, अजून स्वयंपाकघरातच अडकलेय.

भाकरतुकडा
यादी!!! प्रत्येक वस्तू, किती जुनी, आज घ्यायची तर कितीला. मी पुरणयंत्र लिहिलं तर विम्याच्या माणसाचा फोन, हे कसलं मशीन, विजेवर चालतं का? म्हटलं हाताने चालतं बाबा. आईचं होतं, चाळीसेक वर्षांचं. घसारा धरून किंमत आली जवळजवळ शून्य. फोन ठेवला आणि रडले. जळलेलं घर बघून रडले नव्हते.
बरं, कामाचं सांगते. वाढदिवसाचे जुने फोटो काढ. केकच्या मागे एखादं कपाट हमखास उघडं असतं, आतलं सगळं दिसतं.

रातकिडा
आम्ही 2018 ला उत्तर कॅलिफोर्नियात, चिकोत होतो. वणव्यात जळलेलं पॅराडाइझ गाव वर डोंगरात, आम्ही खाली. 85 माणसं गेली, 18 हजारांवर इमारती. ऑफिसातल्या एक बाई कुटुंबासकट सात आठवडे आमच्याकडे होत्या. दिवसभर भांडी घासायच्या, स्वच्छ असलेलीसुद्धा. मी एकदा अतिशहाण्यासारखं म्हटलं, अहो डिशवॉशर आहे. बायकोने असं बघितलं! अजून आठवलं की कसंतरी होतं.
नंतर ते परत वर गेले. पण आगीने तिथल्या पाण्याच्या पाइपांत बेंझीन हे विषारी रसायन शिरलं होतं. ते पाणी उकळूनही चालत नाही, उकळलं तर वाफेतून उलट घरात पसरतं. त्यामुळे बराच काळ सगळं बाटल्यांवर.
आगीच्या तारखेला, 8 नोव्हेंबरला, 11 वाजून 8 मिनिटांनी तिथे 85 सेकंद शांत उभे राहतात. आम्ही गेलो त्या वर्षी मधेच एक कुत्रं भुंकायला लागलं. कुणी त्याला गप्प केलं नाही.

लिंबूटिंबू
आमचं उभं आहे. दोन्ही बाजूंची गेली.
सगळे म्हणतात नशीबवान. भिंतीत धूर, गाद्यांत राख, तपासणीत शिसं निघालं, आत राहता येत नाही. पण बोलणार कुठल्या तोंडाने? शेजारीण तिच्या उघड्या जोत्यावर उभी, मी माझ्या दारात. एकदा तिने विचारलं, तुझ्या बागेतल्या नळाचं पाणी घेऊ का, माझं लिंबाचं झाड बुडातून फुटलंय. आता मीच जाऊन घालते.

ढोबळी
एअर प्युरिफायर कुठला घेतला? आणि एन 95 धुवून वापरता येतो का

लिंबूटिंबू
नाही!! फेकायचा. प्युरिफायरला कोळशाचा फिल्टर बघ, नुसत्या हेपाने (बारीक धूळ गाळणाऱ्या फिल्टरने) वास जात नाही.

कोरा कागद
राख चाळलीये का कुणी? आम्ही दोन दिवस चाळली, ते पांढरे अंगरखे घालून. पितळी समई वाकून मान टाकलेली. चांदीचा नुसता गोळा. आणि लोणच्याची चिनीमातीची बरणी अख्खी! आमचे सासरे म्हणाले, ती भट्टीतूनच आलेली, तिला काय त्याचं. धुतली तीनदा, पण काही भरायला मन होत नाही. पेनं ठेवतो.

भाकरतुकडा
नकोच भरू, राखेत काय काय असतं. समई टाकू नका मात्र.

कोरा कागद
छे. तशीच वाकडी ठेवलीये देवात. तेल एका बाजूने गळतं, खाली ताटली ठेवतो.

दूरदेशी
मेलबर्न. 7 फेब्रुवारी 2009, ब्लॅक सॅटर्डे. शहरात 46.4 तापमान, बाहेर वणव्यांत 173 माणसं गेली. मी विद्यार्थी होतो, मदतीला आलेल्या कपड्यांच्या ढिगात उभा. लोकांनी काय काय पाठवावं? एका खोक्यात फक्त डाव्या पायाचे बूट. नंतर जळक्या निलगिरीच्या खोडांना थेट पालवी फुटली, सालीतूनच, लव आल्यासारखी. एक पाहुणे म्हणाले, बघा, निसर्ग कसा सावरतो. तिथली एक बाई म्हणाली, झाडाला फॉर्म भरावे लागत नाहीत.

पाणवठा
फॉर्म 😂😭
हवाईतल्या लहायनाला कुणी जाऊन आलंय का आगीनंतर? यांना जायचंय, मला बरं नाही वाटत.

रातकिडा
आम्ही गेलो होतो. लोकांना तिकडे काम हवंय, पण जळलेल्या भागात फोटो काढत फिरू नका. तिथला वड बघा मात्र. 1873 मध्ये लावलेला, रोप भारतातून आणलेलं. ऑगस्ट 2023 ला होरपळला आणि सप्टेंबरात पानं.

पाणवठा
आपला वड?! आता जावंच लागणार.

खिडकीपाशी
सगळ्यांचं वाचलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. @भाकरतुकडा फोटो काढले, तिसऱ्या वाढदिवसाच्या केकमागे माझी किसणी सापडली :)
आणि आज आजोबांना फोन लावला. काय बोलावं सुचेना. तेच म्हणाले, इथे कचऱ्याची गाडी बुधवारी येते, तुमच्याकडे?