थीम पार्कातल्या निवांत जागा दुकानांना का देतात?

प्रश्न: फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम या डिस्नी पार्कात, गेटपासून आत जाणाऱ्या मेन स्ट्रीटला लागून वेस्ट सेंटर स्ट्रीट नावाची छोटी गल्ली होती, किती छान होती, २००१ मध्ये एम्पोरियम दुकान वाढवलं आणि ती गेलीच. असं का करतात हो?

उत्तर १: गल्लीतून पैसे येत नाहीत ना. आणि रात्री बाहेर पडणारी सगळी गर्दी एम्पोरियमवरूनच जाते, मग दुकान तिथेच वाढवणार.

उत्तर २: तरी मला नाही पटत. थकलेली पोरं, म्हातारी माणसं, त्यांनी टेकायचं कुठे? कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमधलं कोर्ट ऑफ एंजल्स हे छोटं निवांत अंगण पण २०१३ मध्ये बंद झालं, तिथे दुकान नाही आलं पण क्लब ३३ या खासगी मेंबरांच्या क्लबला दिलं, तिथला तो वळणाचा जिना काय सुंदर आहे!

प्रश्नकर्ता: म्हणजे जिना अजून आहे?

उत्तर २: आहे ना, पण मेंबर लोकांसाठीच, याचंच जास्त वाईट वाटतं.