मदत हवी आहे: बोटीच्या इंजिनाचा रंग एका हंगामात सुटला

नमस्कार मंडळी. आमची बोट आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवली आहे. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, म्हणून वडिलांनी मशीन पुरतं खोललं. सहा सिलिंडरचं डिझेल. लायनर-पिस्टन, रिंगा नव्या, क्रँक दहा थाऊ (०.०१ इंच) ग्राइंड करून आणला. ते काम मिस्त्री बघतोय. (एक कोडं राहिलंय: दिवाळीपासून चेंबरचं (मशीनच्या तळाच्या तेलटाकीतलं) तेल दुधाळ व्हायचं, म्हणजे त्यात पाणी जातंय. हेड गॅस्केट ठीक, ऑइल कूलर प्रेशर टेस्टला पास. मशीन थंड ठेवणाऱ्या टाकीतलं गोडं पाणीही कधी कमी झालं नाही.)

माझा प्रश्न रंगाचा. वडील म्हणतात, "मशीन काय लग्नाला न्यायचंय?" पण फिक्या रंगावर तेलाची गळती लगेच दिसते. गेल्या जुलैत तारेच्या ब्रशने घासलं, रॉकेलने धुतलं, रेड ऑक्साइड मारून वर राखाडी एनॅमल. गणपतीनंतर पोपडे, खाली गंज. सगळ्यात जास्त खाऱ्या पाण्याच्या पंपाखाली. यंदा टू-पॅक इपॉक्सी (दोन डब्यांतलं मिसळून लावायचा रंग) मारू का? या पावसात वाळेल?

प्रतिसाद
मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही हो! ब्रशने गंज चकाकतो, खड्ड्यांतलं मीठ तसंच राहतं. आधी साबण आणि भरपूर गोडं पाणी, मग तेलकटपणा काढा, परत पाणी. इपॉक्सी चालेल, पण हवेत ८५ टक्क्यांवर दमटपणा असताना नको. ताडपत्रीचा आडोसा करून आत हॅलोजन लावा, लोखंड हाताला कोमट लागलं की प्रायमर. सुट्या भागांना जोडण्याआधीच रंग द्या, गॅस्केटच्या जागा आणि झिंकचे प्लग (स्वतः झिजून बाकीचं लोखंड वाचवणारे) मात्र कोरे ठेवा. एक्झॉस्टच्या कोरड्या पाइपाला उष्णतारोधक सिल्व्हर.

आता पंप. गियरवर फिरणारा असेल, तर पाण्याचं सील आणि तेलाचं सील यांच्यामध्ये, खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. पाण्याचं सील गेलं की पाणी तिथून बाहेर टपकतं. ते उघडं आहे ना? बुजलं तर खारं पाणी शाफ्टवरून सरळ चेंबरमध्ये.

धागाकर्ता
आत्ता टॉर्च घेऊन पाहून आलो. भोक आहे. राखाडी एनॅमलने गच्च बुजलंय. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.