सहायक प्राध्यापक अर्ज: नेट/सेटचा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही. मदत हवी आहे (तातडीची)

रंकाळा_रात्रपाळी | शुक्रवार, रात्री १२:४०
सहायक प्राध्यापक पदाचा ऑनलाइन फॉर्म भरतोय. सोमवारी संध्याकाळी ५ ला मुदत संपते. पाचव्या पानावर 'नेट/सेट प्रमाणपत्र क्रमांक' (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा, नेट देशपातळीची, सेट राज्याची) असा रकाना आहे. तो रिकामा ठेवून 'जतन करा' दाबलं की रकाना लाल होतो आणि पान परत वर जातं. 'लागू नाही' लिहिलं, घेत नाही. शून्य टाकलं, तेही घेत नाही. माझा १६ वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे आणि जाहिरातीत 'अनुभवास प्राधान्य' असं छापलंय. त्या रकान्यात काय टाकायचं एवढंच सांगा. हेल्पलाइन दोन दिवस कुणी उचलत नाही.

चाकण_ते_वर्ग | रात्री १:०५
नेट लागतच नाही! बी.ई. आणि एम.ई., दोन्हीपैकी एकात प्रथम वर्ग असला की बस. एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचे, २०१९ चे नियम वाचा. मी ११ वर्षं चाकणला प्रेस शॉपमध्ये काढली आणि मग शिकवायला आलो. मुलं माझ्या तासाला बसतात कारण डाय तुटल्यावर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. फॉर्ममध्ये गडबड असेल तर दुसऱ्या ब्राउझरमधून भरून बघा.

तासिकेवर_नऊ_वर्षं | सकाळी ६:५०
चाकणवाले दादा, ते इंजिनिअरिंगचे आहेत असं कुठे म्हणालेत? धागाकर्ते, आधी हे सांगा: विषय कोणता? विद्यापीठाचा विभाग की संलग्न कॉलेज? अनुदानित की विनाअनुदानित? पदव्युत्तर पदवी कशात आणि किती टक्के? पीएच.डी. आहे का? यातलं एकही माहीत नसताना कुणी काय सांगणार?

रंकाळा_रात्रपाळी | सकाळी ९:३०
रकान्यात काय टाकायचं याच्याशी विषयाचा काय संबंध? पत्रकारिता. कोल्हापुरात दैनिकात आहे, आधी वार्ताहर, आता उपसंपादक. संलग्न कॉलेज, विनाअनुदानित. पीएच.डी. नाही. वय ४१. ब्राउझर तीन बदलले, तेच होतंय.

तासिकेवर_नऊ_वर्षं | सकाळी ९:४५
संबंध आहे, सगळा तिथेच आहे. पत्रकारिता आणि जनसंज्ञापन हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमात कला, वाणिज्य, विज्ञान, भाषा यांच्याच ओळीत बसतं. म्हणजे संबंधित विषयात ५५ टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट, नाहीतर नियमाप्रमाणे केलेली पीएच.डी. इंजिनिअरिंगचा नियम तुम्हाला लागू नाही. तो रकाना बिघडलेला नाही, तो तुम्हाला थांबवायलाच ठेवलाय. 'अनुभवास प्राधान्य' म्हणजे पात्र उमेदवारांमध्ये प्राधान्य. अपात्राला पात्र करायला नाही. आणि टक्के सांगितले नाहीत तुम्ही.

चाकण_ते_वर्ग | सकाळी १०:१०
ताई, त्याच २०१८ च्या विनियमात 'उद्योग' हा शब्द आहे, मी स्वतः वाचलाय. अनुभव धरतात.

तासिकेवर_नऊ_वर्षं | सकाळी १०:२०
आहे, पण सहयोगी प्राध्यापक पदासाठी. तिथे आधी पीएच.डी., मग सहायक प्राध्यापकाच्या तोडीच्या पदावर अध्यापन किंवा संशोधनाची आठ वर्षं, वर सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण. पहिल्या पायरीवर तो शब्द नाही. अर्धं वाचून लोकांना आशा लावू नका.

काळा_कोट_सातारा | सकाळी ११:००
कायद्यात मात्र सोय आहे. बार कौन्सिलच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे प्रॅक्टिस करणारा वकील दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवू शकतो, ती अर्धवेळ नोकरी धरतात. मी सकाळी साडेसात ते साडेनऊ पुराव्याचा कायदा शिकवतो आणि अकराला कोर्टात हजर असतो. पूर्णवेळ पगारी झालात तर मात्र वकिलीची सनद तहकूब करावी लागते. म्हणून आमच्याकडे बरेचसे चांगले वकील अर्धवेळच राहतात.

रंकाळा_रात्रपाळी | सकाळी ११:२०
मी वकील नाही.

मिरज_तबला | सकाळी ११:४०
संगीताचं सांगतो. त्याच विनियमात संगीत आणि नृत्यासाठी वेगळी वाट ठेवली आहे. नामांकित गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा 'अ' श्रेणीचा कलाकार, पदवीधर आणि विषय तर्कशुद्धपणे समजावून सांगू शकणारा असेल, तर नेटशिवाय सहायक प्राध्यापक होता येतं. नाटकालाही तशीच वाट आहे. माझ्या गुरुबंधूंना त्याच वाटेने नेमणूक मिळाली. पुण्याच्या ललित कला केंद्राचं उदाहरण घ्या. सतीश आळेकर बायोकेमिस्ट्रीचे एम.एस्सी., बी. जे. मेडिकलमध्ये नोकरी करत नाटक केलं आणि १९९६ ते २००९ केंद्राचे प्रमुख राहिले. माणूस कुठून आला यापेक्षा त्याच्या हाताला काय येतं ते बघितलं पाहिजे.

रंकाळा_रात्रपाळी | दुपारी १२:१५
हेच मला कळत नाही. तबला वाजवणाऱ्याची साधना मोजतात, तर बातमी लिहिणाऱ्याची का नाही? परवा एका शिकाऊ मुलीने एसटीच्या अपघाताच्या बातमीत मृताचं नाव टाकलं होतं. पोलिसांकडून खात्री नव्हती, घरच्यांना कळवलेलं नव्हतं. पान सोडायला वीस मिनिटं होती. ते नाव कुठे काढायचं, पहिलं वाक्य परत कसं बांधायचं, पोलीस ठाण्यात फोन करून नेमकं काय विचारायचं, हे मी तिला शेजारी बसवून करून दाखवलं. ती पदवी घेऊन आली होती, पहिल्या श्रेणीची. तिला हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. हे शिकवायला जायचंय मला. हौस म्हणून नाही.

तासिकेवर_नऊ_वर्षं | दुपारी १२:५०
तुमचं म्हणणं पटतं. आता माझंही ऐका. मी मराठीची. सेट २०१३, पीएच.डी. २०१९. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. जूनमध्ये नेमणूक व्हायला हवी ती ऑगस्टमध्ये होते, परीक्षा लागल्या की तास संपले आणि पैसे संपले. दोन कॉलेजं करते, मध्ये ३२ किलोमीटर एसटी. नियमाप्रमाणे सगळं करूनही जागा निघत नाहीत म्हणून आम्ही असे थांबलोय. त्यात कुणी 'अनुभव आहे, नेटचं काय ते बघा' म्हणालं की आतून जळतं. तुमच्यावर राग नाही. पण 'रकान्यात काय टाकू' हे विचारू नका. खोटा आकडा टाकलात तर छाननीत पकडतात आणि विद्यापीठाची मान्यता कधीच मिळत नाही.

चाकण_ते_वर्ग | दुपारी १:१५
ताई, तुमची स्थिती वाईट आहे हे मान्य. पण नेटने काय सिद्ध होतं? पेपर एकचे ५० प्रश्न, पेपर दोनचे १००, तीन तासांत पर्याय निवडायचे. त्यात वर्गात उभं राहता येतं का ते कुठे कळतं?

काळा_कोट_सातारा | दुपारी १:४०
बाबासाहेब १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, पुढे बॅरिस्टरी केली आणि १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. व्यवसाय आणि वर्ग यांच्यात भिंत तेव्हा नव्हती.

तासिकेवर_नऊ_वर्षं | दुपारी १:५५
ते कोलंबियाची एम.ए. १९१५ लाच घेऊन आले होते. उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. धागाकर्ते, टक्के. तिसऱ्यांदा विचारते आहे.

रंकाळा_रात्रपाळी | दुपारी २:३०
५४.६. रात्रपाळी करून पदव्युत्तर केलं होतं. ५५ च धरतात ना?

तासिकेवर_नऊ_वर्षं | दुपारी २:४०
नाही धरत. नेटच्या पत्रकात स्पष्ट आहे, पूर्णांकात न आणता ५५. मागासवर्ग, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी किंवा दिव्यांग प्रवर्गात असाल तर ५० चालतात. आहात का?

रंकाळा_रात्रपाळी | दुपारी २:४५
खुला.

निवृत्त_सर_सांगली | दुपारी ३:२०
पाच टक्क्यांची सूट सर्वांनाच आहे. मला ५२ टक्क्यांवर घेतलं होतं, आणि मीही खुल्याच प्रवर्गातला. निर्धास्त फॉर्म भरा, काही होत नाही.

तासिकेवर_नऊ_वर्षं | दुपारी ३:३५
सर, माफ करा. ती सूट पीएच.डी. झालेल्यांना आहे आणि त्यांची पदव्युत्तर पदवी १९ सप्टेंबर १९९१ च्या आधीची हवी. तुमची असणार. यांची नाही. ऐकून फॉर्म भरला तर यांचं शुल्क जाईल.

निवृत्त_सर_सांगली | दुपारी ४:१०
बरोबर आहे, माझी १९८७ ची. तारखेची अट माझ्या लक्षात नव्हती. मग पीएच.डी.ला प्रवेश घ्या.

तासिकेवर_नऊ_वर्षं | दुपारी ४:१५
पीएच.डी. प्रवेशालाही ५५ टक्केच लागतात, सर. आधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात विचारा, तुमच्या अभ्यासक्रमाला श्रेणीसुधार परीक्षा देता येते का. ०.४ साठी एक-दोन पेपर पुरतील. ते झालं की नेट-सेट दोन्ही खुले. सहायक प्राध्यापकासाठीच्या नेटला वयाची अट नाही, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सेट पुण्याचं विद्यापीठ घेतं आणि महाराष्ट्र-गोव्यात चालते. पेपर दोन तुमच्याच विषयाचा असतो, अर्धी तयारी नोकरीतच झालेली आहे.

परभणी_वॉर्ड | संध्याकाळी ५:००
मेडिकलचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. २०२५ च्या नियमांनी २२० किंवा जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेल्या तज्ज्ञ डॉक्टरला थेट सहयोगी प्राध्यापक होता येतं, दोन वर्षं केलेल्याला सहायक. दोन वर्षांत बायोमेडिकल संशोधनाचा छोटा कोर्स करायचा. आमच्या इथल्या दोघांनी अर्ज केलाय. फॉर्मवर खाटांची संख्या कुणाच्या सहीने द्यायची हे कुणाला माहीत आहे का?

मिरज_तबला | संध्याकाळी ५:२०
डॉक्टर, वेगळा धागा काढा, इथे हरवेल. रंकाळा, एक राहिलं. 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' बघितलंत का? यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव, शक्यतो वरिष्ठ पदावर. पदवीची किंवा नेटची अट नाही. क्षेत्रांच्या यादीत माध्यमं नावाने आहेत.

रंकाळा_रात्रपाळी | संध्याकाळी ५:३०
हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

काळा_कोट_सातारा | संध्याकाळी ५:३५
कारण तुम्ही सतरा तास विषय, टक्के आणि अनुभवाचा प्रकार एकेक करून दिलात, भावा.

तासिकेवर_नऊ_वर्षं | संध्याकाळी ५:५५
तीही कायमची नोकरी नाही, आधी कळू दे. सुरुवातीला एक वर्ष, एकूण तीन, अपवाद म्हणून आणखी एक. अशा जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच आणि मंजूर पदांहून वेगळ्या. मानधन संस्थेशी बोलून ठरवायचं, काही ठिकाणी काहीच देत नाहीत. जाहिरातीची वाट बघू नका. स्वतःचा सविस्तर बायोडाटा आणि तुम्ही विभागाला काय देऊ शकता याचं छोटं टिपण कुलगुरूंना किंवा संचालकांना थेट पाठवता येतं. मग निवड समिती बसते. ती एसटी अपघाताची बातमी टिपणात घाला, मला ती वाचूनच तुमच्या तासाला बसावंसं वाटलं.

रंकाळा_रात्रपाळी | रात्री ११:५०
कामावर होतो. हा फॉर्म सोडून दिला. सोमवारी विद्यापीठात श्रेणीसुधाराचं विचारतो. दोन ठिकाणी पत्र पाठवतोय. ताई, सकाळी तुमच्यावर चिडलो, ते चुकलं. आता नवी अडचण. १६ पैकी पहिली चार वर्षं मी स्तंभमोजणीवर काम केलं, सेंटिमीटरवर पैसे. नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही आणि ते दैनिकच बंद पडलंय. ती चार सोडली तर १२ च उरतात, १५ होत नाहीत. अनुभवाचं प्रमाणपत्र आणू कुठून?

काळा_कोट_सातारा | रात्री १२:०५
बँकेचं पासबुक. त्या काळातल्या मानधनाच्या धनादेशांच्या नोंदी दैनिकाच्या नावाने दिसतील. जुनं पासबुक नसेल तर शाखेत अर्ज करून खात्याचा उतारा मागा. एवढ्या जुन्या नोंदी द्यायला बँका वेळ लावतात, उद्याच अर्ज टाका. तेव्हाचे संपादक हयात असतील तर त्यांचं शपथपत्र, नोटरीसमोर. आणि नावासह छापलेल्या बातम्या, तारखेनुसार लावून.

रंकाळा_रात्रपाळी | रात्री १२:२०
संपादक इचलकरंजीत आहेत, उद्या जातो. कात्रणं आईने ठेवली आहेत. पहिल्या दिवसापासूनची, लोखंडी ट्रंकेत, कडुनिंबाचा पाला घालून. आत्ता खाली ओढली. पहिलंच कात्रण पंचगंगेच्या पुराचं आहे, पण वर तारीख कापली गेलीय.

तासिकेवर_नऊ_वर्षं | रात्री १२:३०
मागची बाजू बघा. तिथे जाहिरात किंवा बाजारभाव असेल, त्यात तारीख सापडते.