मदत हवी आहे: कॉर्क बार्क पाइन बोन्सायच्या सुया पावसात तपकिरी पडतायत (कोल्हापूर)

रंकाळाकाठ:
जपानी ब्लॅक पाइनची कॉर्क बार्क जात (साल बुचासारखी जाड असते ती), साध्या ब्लॅक पाइनवर कलम केलेली. बुंधा ४ सेंमी, कलमाचा सांधा मातीपासून ८ सेंमीवर आणि तिथे गाठ. १० इंची कुंडी, माती नर्सरीतलीच: लाल माती आणि शेणखत. झाड उघड्या गच्चीवर आहे. आतल्या जुन्या सुया पिवळ्या झाल्या, आता नव्यांची टोकंही तपकिरी व्हायला लागलीत. सालीवर हिरवा थर आलाय, बुचाचा एक तुकडा सुटलाय. कुंडीच्या भोकातून पांढरे धागे दिसतात. जुलैतच माती बदलू का? कँडल (मेणबत्तीसारखे नवे कोंब) कापायच्या राहिल्यात, त्या कापू का? फांद्यांना वळण द्यायला तार कधी घालायची?

जांभाविटा:
माती आत्ता बदलू नका. भर पावसात मुळं छाटलेली पाइनला सोसत नाहीत, आणि ही जात साध्या ब्लॅक पाइनपेक्षा मुळातच नाजूक.

आतल्या दोन-तीन वर्षांच्या सुया गळणं हा पाइनचा नेमच आहे. नव्या सुया टोकाकडून तपकिरी होतात तेव्हा बहुधा मुळांना हवा मिळत नसते. शेणखताची माती पावसात चिखलासारखी बसते. कुंडीच्या एका कडेखाली लाकडाचा ठोकळा सरकवून ती चांगली तिरकी करा, साठलेलं पाणी लगेच उतरेल. वर पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट, बाजू मोकळ्या. मग कोरडी बांबूची काडी ५ सेंमी खोचून १० मिनिटांनी बघा. ओली निघाली तर त्या दिवशी पाणी नाही.

सुईच्या मध्येच आडवे तपकिरी पट्टे असतील तर मात्र बुरशी समजा. उघडीप बघून कॉपर ऑक्सिक्लोराइड (बुरशीनाशक) फवारा, लिटरला २.५ ग्रॅम, १५ दिवसांनी पुन्हा.

पांढरे धागे राहू द्या. ती पाइनच्या मुळांची सोबतीण बुरशी, वास अळंबीसारखा येतो. सडका वास आला तर मुळं कुजतायत.

माती जानेवारी अखेर ते फेब्रुवारी मध्य, कँडल लांबायच्या आधी बदला. जांभ्याचा चुरा २ भाग, विटेचा किंवा मंगलोरी कौलाचा १, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) १. चाळून ३ ते ६ मिमी ठेवा, बारीक पूड टाकून द्या. तीच भोकं बुजवते. मुळांचा गोळा एका वर्षी अर्धाच सोडवा, उरलेला अर्धा दोन वर्षांनी. धागे असलेली जुनी माती मूठभर नव्यात मिसळा.

सुईपान:
कँडलबद्दल. साध्या, जोमदार ब्लॅक पाइनच्या कँडल उन्हाळ्यात पूर्ण कापल्या की दुसरी, आखूड सुयांची फूट येते. आपल्याकडे ती फूट नेमकी जून-जुलैच्या ढगाळ, ओल्या हवेत वाढते, म्हणजे उजेड कमी आणि बुरशी जास्त. कॉर्क बार्कला हा ताण देऊच नये असं माझं ठाम मत आहे. मार्चमध्ये लांब कँडल बोटांनी अर्ध्यावर मोडा, दुबळ्या तशाच ठेवा. पाऊस संपल्यावर जुन्या सुया उपटून आत ऊन जाऊ द्या.

बुचाला जपा. झाड उचलायचं ते कुंडीला धरून, बुंध्याला हात लावायचा नाही. पाणी लांब नळीच्या झारीने फक्त मातीला. बूच ओल धरतं आणि सडतं. हिरवा थर वाळू द्या आणि मऊ कोरड्या ब्रशने झाडा. तारेचा ब्रश नको. सुटलेला तुकडा पूर्ण वाळवून फेविक्विकच्या एका थेंबाने बसवता येतो.

तार डिसेंबर-जानेवारीत, झाड सावरलं असेल तरच, आणि ती फक्त बूच न धरलेल्या कोवळ्या फांद्यांना. बुचाळ फांदी बोटाएवढी जाड दिसली तरी आतलं जिवंत लाकूड पेन्सिलीपेक्षा बारीक असू शकतं, वाकवली की मोडते. अशी फांदी रबरी नळीतून दोरतार (फांदी ओढून धरणारी तार) घालून कुंडीच्या कडेला बांधा, आठवड्याला थोडी थोडी ओढा. गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार सहा आठवड्यांनी तपासा. बुचात रुतली तर काढताना बूचही निघतं. सांध्याची गाठ छाटू नका, तिच्या लगेच वरची फांदी समोर आणून झाका.

रंकाळाकाठ:
शिरोलीच्या फाउंड्रीतली वाळू फुकट मिळते. जांभ्याऐवजी चालेल?

जांभाविटा:
नको. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट चिकणमाती आणि कोळशाची पूड असते, काहींत रेझिन. धुतली तरी कण फार बारीक, पुन्हा पाणी तुंबेल. बांधकामावरचे जांभ्याचे तुकडे आणा, हातोडीने फोडा, चाळा आणि धूळ जाईपर्यंत धुवा.